शेरा : बोलावे

माणूस आणि इतर प्राणी यांच्यात फरक एकच: माणसाला आपल्या मनातलं शब्दांत मांडता येतं. हे थोर वाक्य सोमवारी सकाळी सव्वादहा वाजता मुख्य कार्यालयाच्या सभागृहात उच्चारलं गेलं. पण माइक त्या दिवशी संवादाच्या मनःस्थितीत नव्हता. पहिल्या दोन रांगांच्या पलीकडे त्यातले ‘माणूस’ आणि ‘प्राणी’ एवढे दोनच शब्द पोचले. मागच्या मंडळींनी माना डोलावल्या. नोकरीत वीस-बावीस वर्षं काढल्यावर याहून जास्त तपशिलाची गरज उरत नाही.

पाचव्या रांगेत, खांबाच्या आडोशाला, बोलावेसाहेब बसले होते.

बोलावे हे त्यांचं आडनाव नव्हे. पथदिवे विभागाचे ते कार्यालय अधीक्षक. शहरातला एखादा रस्त्यावरचा दिवा लागेनासा झाला, किंवा भर दुपारी लागून राहिला, की त्याचा कागद फिरत फिरत त्यांच्या टेबलावर येई. साहेब तो वाचत, क्षणभर डोळे मिटत आणि डाव्या समासात रेखीव अक्षरात एकच शब्द लिहीत: ‘बोलावे’. म्हणजे, फाइल घेऊन समक्ष या आणि या विषयावर बोला. लोक जात, टेबलापुढे उभे राहत, बोलत. साहेब सगळं ऐकून घेत आणि शेवटी ‘हं’ म्हणत. हा ‘हं’ होकाराचा की नकाराचा, याचा निर्णय मग बाहेर व्हरांड्यात बहुमताने होई.

दुसऱ्याला बोलायला लावणारा हा शेरा इतका प्रसिद्ध झाला की नवीन लागलेल्यांना ते आडनावच वाटे. एकदा बल्ब पुरवणाऱ्या कुणीतरी ‘श्री. बोलावेसाहेब यांस सप्रेम’ अशी डायरी पाठवली होती. साहेबांनी ती मुकाट्याने वापरली, कारण चूक दुरुस्त करायची तर बोलावं लागलं असतं.

प्रशिक्षणाला त्यांची निवड झाली तीही रीतसर. ‘भावनिक बुद्धिमत्ता व संवादकौशल्य यांची अधिक आवश्यकता असलेल्या’ एका अधिकाऱ्याचं नाव प्रत्येक विभागाने कळवावं, असं परिपत्रक निघालं. जावक टेबलावरच्या बाईंनी, ज्यांना सगळे जावकबाई म्हणत, त्यावर साहेबांचंच नाव घालून कागद पुढे ठेवला. साहेबांनी सवयीने लिहिलं, ‘बोलावे’. जावकबाई आत गेल्या आणि बोलल्या. साहेब ‘हं’ म्हणाले. व्हरांड्यात एकमत झालं आणि नाव गेलं.

प्रशिक्षक जाकीट घातलेला, सदैव प्रसन्न असा तरुण होता. त्याची प्रसन्नता पाहूनच निम्मे अधिकारी खचले. दुपारी त्याने जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीला एक फुगा दिला. फुगा दोघांच्या पोटांमध्ये धरायचा आणि हात न लावता सभागृहाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. याने मनं जवळ येतात म्हणे. साहेबांच्या वाट्याला मुख्य लेखापाल आले. या दोघांचं अकरा वर्षांपूर्वी एका टेबलफॅनवरून बिनसलं होतं आणि तेव्हापासून त्यांचा सगळा व्यवहार टिपणीवर चाले. पोटाला पोट लावून दोघे छताकडे पाहत निघाले. खिडकीपाशी फुगा फुटला. “तुम्ही दाबलात,” लेखापाल म्हणाले. अकरा वर्षांतलं त्यांचं हे पहिलं तोंडी वाक्य. साहेब म्हणाले, “हं.”

शेवटी गृहपाठ मिळाला. एक, समोरच्याचं म्हणणं त्यालाच पुन्हा सांगून आपण ऐकलंय याची खात्री पटवायची. दोन, कौतुक करायचं. तीन, जवळच्या माणसाला आजवर न सांगितलेली एक गोष्ट पत्रात लिहून द्यायची आणि त्याचा लेखी प्रतिसाद घ्यायचा. या तिन्हींचा अनुपालन अहवाल पंधरा दिवसांत, विहित नमुन्यात, तीन प्रतींत. जो देणार नाही त्याला प्रशिक्षण पुन्हा. साहेबांच्या डोळ्यांपुढे फुगा तरळला.

पण खरं सांगायचं तर फुगा हे निमित्त होतं. साहेबांपुढे दुसरीच एक फाइल चार महिन्यांपासून पडून होती, आणि ती घरी होती.

ऑफिसात जसं ‘बोलावे’, तसं घरी ‘बघू’. फिरायला जायचं का, बघू. पडदे बदलायचे का, बघू. अठ्ठावीस वर्षांत बायकोने या शब्दाचे एकवीस अर्थ ओळखायला शिकून घेतले होते आणि तिचं काही अडत नव्हतं. मग चार महिन्यांपूर्वी तिच्या पित्ताशयातले खडे काढायचं ऑपरेशन झालं. साहेब तीन तास बाहेर बाकावर बसून होते. तिला आणलं, ती शुद्धीवर आली, तिने डोळे उघडून आधी नवऱ्याकडे पाहिलं. आणि नवरा वाकून म्हणाला, “स्कूटरची किल्ली तुझ्या पर्समध्ये आहे का?”

तिने पुन्हा डोळे मिटले. त्यानंतर घरात भांडण असं काही झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. ती फक्त त्यांना गोष्टी सांगेनाशी झाली. चहा वेळेवर, इस्त्री वेळेवर, आणि बोलणं एखाद्या सौजन्यशील खानावळीत असतं तेवढंच. प्रशिक्षणाच्या आदल्याच दिवशी ती म्हणाली होती की ताईकडे जाऊन राहावं म्हणते, पुढचा सोडून त्यापुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने निघेन.

साहेबांनी विचारलं, “किती दिवस?”

ती म्हणाली, “बघू.”

हा शब्द त्या घरात कायम एकाच बाजूने वापरला गेला होता. दुसऱ्या बाजूने तो कसा लागतो याची साहेबांना कल्पना नव्हती. त्यात तिने माळ्यावरची मोठी बॅग काढून मागितली. साहेब नेहमीप्रमाणे ‘बघू’ म्हणून गेले. तिने शेजारून स्टूल आणलं आणि स्वतःच बॅग काढली. संध्याकाळी साहेबांनी उघड्या बॅगेत सहज नजर टाकली तर साड्यांवर घडी घालून शाल ठेवलेली. बाहेर अंगाची लाही होत होती. थंडीला अजून पाच महिने होते. बावीस वर्षं तक्रारींचे कागद वाचलेल्या माणसाला न लिहिलेलं वाचता येतं. शाल म्हणजे पाच महिने, कदाचित जास्तच.

तेव्हा काय करायचं ते त्या रविवारच्या आत.

पहिल्या गृहपाठाचा मुहूर्त मंगळवारी संध्याकाळी लागला. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, गॅस संपला. साहेब दारात जाऊन उभे राहिले, तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि प्रशिक्षणातल्या स्वरात म्हणाले, “म्हणजे तुला असं वाटतंय की गॅस संपला आहे.”

“वाटत नाहीये. संपलाय.”

“गॅस संपल्यामुळे तुला त्रास होतोय, हे मी ऐकतोय.”

तिने ओट्यावरचं भांडं बाजूला ठेवलं. मग हात पुसून तिने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. चार महिन्यांतला तो पहिला स्पर्श. साहेबांना इतकं भरून आलं की सिलिंडर बदलायचा राहूनच गेला. तो तिने बदलला.

हा विषय कुणाशी तरी बोलायला हवा होता, आणि बोलायचं म्हटलं की शेजारी कंपाउंडर होते. एका डॉक्टरांकडे छत्तीस वर्षं पुड्या बांधून निवृत्त झालेले हे गृहस्थ जगातल्या कुठल्याही प्रश्नावर औषध देत, आणि डोस सांगितल्याशिवाय कुणाला सोडत नसत. स्टूल त्यांचंच. त्यांनी साहेबांचं सगळं ऐकून घेतलं, जीभ बघायची तेवढी राहिली, आणि निदान केलं: कौतुकाची कमतरता. ‘छान झालंय’ दिवसातून तीनदा, जेवणानंतर. सात दिवस. मधे बंद करायचं नाही, नाहीतर उलटतं.

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. “ते औषध आमच्याकडे कधी आलंच नाही हो. दुकानात शिल्लक नसेल.”

कंपाउंडरांनी आवाज खाली आणला आणि हळूच सांगितलं की हा डोस दुसऱ्यांना द्यायला सोपा असतो.

साहेबांनी कोर्स सुरू केला. बुधवारी दोन डोस बिनबोभाट गेले. रात्रीच्या जेवणाला पहिला घास तोंडात घालताच त्यांनी तिसरा दिला, छान झालंय. बायको म्हणाली की ती सकाळचीच भाजी आहे, गरम केलीय. साहेब म्हणाले, गरम छान झालीय. मग तिने स्वतः घास घेतला आणि शांतपणे विचारलं, मीठ नाहीये हे कळलं नाही का. ते कळलं होतं. पण डोस जेवणानंतर सांगितला होता आणि साहेबांनी तो पहिल्या घासाला घेतला, चूक तिथे झाली. पुढच्या चार दिवसांत तिला एवढंच समजलं की अठ्ठावीस वर्षं हा माणूस गप्प बसून खात होता ते बरं होतं, निदान खोटं तरी बोलत नव्हता.

ऑफिसात तर हाहाकार झाला. शनिवारी साहेबांनी विभागातल्या सगळ्यात जुन्या वायरमनला बोलावलं आणि खुर्ची दिली. त्या खोलीत कुणाला खुर्ची दिल्याची नोंद नव्हती. वायरमन अर्धा टेकला. साहेब पुढे झुकून हळुवारपणे म्हणाले, “तुमच्या मनात सध्या काय चाललंय?”

शिडीवरून पडल्यावरही शुद्ध न गेलेला तो माणूस पांढरा पडला. त्याने तिथल्या तिथे कबूल केलं की बाजारपेठेतल्या दोन दिव्यांचे चोक त्याने बदलले नव्हते, फक्त रजिस्टरात लिहिलं होतं, आज बदलतो. खरोखर त्याच दुपारी ते बदलले गेले. पण संध्याकाळपर्यंत बातमी पसरली की साहेब मनातलं ओळखायला लागलेत. सोमवारी सातजण आजारी पडले. मंगळवारी युनियनचा सेक्रेटरी येऊन म्हणाला की मनाची चौकशी सेवानियमांत बसत नाही, पूर्वीसारखं शेऱ्यावर चालू द्या. एकट्या जावकबाई टेबलाशी येऊन थांबल्या आणि म्हणाल्या, “साहेब, घरी सगळं ठीक आहे ना?” साहेब ‘हं’ म्हणाले. या ‘हं’चा निवाडा करायला जावकबाई व्हरांड्यात गेल्या नाहीत. त्यांना तो कळला.

असं करता करता पुढचा शनिवार उजाडला. उद्या सकाळची गाडी. बॅगेला कुलूप लागलं होतं. उरला होता फक्त तिसरा गृहपाठ.

पत्र साहेबांनी ऑफिसात लिहायला घेतलं, कारण शब्द त्यांना तिथेच सुचत. ‘प्रिय’ असं लिहून अर्धा तास गेला. पुढे काही येईना. पाचवा कागद फाडल्यावर त्यांनी ड्रॉवरमधून नेहमीचा छापील पत्रशीर्षाचा कागद काढला, पेन सरळ धरलं, आणि मग हात थांबला नाही.

*प्रति,*
*माझी पत्नी,*
*राहणार : वरीलप्रमाणे.*

*विषय : दवाखान्यातील प्रसंगाबाबत खुलासा सादर करणेबाबत.*
*संदर्भ : आपले गेल्या चार महिन्यांपासूनचे मौन.*

*महोदया,*

*१. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपल्या शस्त्रक्रियेच्या दिवशी अधोस्वाक्षरीकार हा सकाळी नऊ ते बारा या वेळेत बाहेरील बाकावर उपस्थित होता. सदर कालावधीत दारावरील लाल दिव्याकडे पाहण्याखेरीज त्याने अन्य कोणतेही कामकाज केले नाही. पथदिवे विभागात बावीस वर्षे सेवा होऊनही एखादा दिवा विझावा म्हणून इतकी वाट पाहण्याचा त्यास पूर्वानुभव नव्हता.*

*२. आपण शुद्धीवर आल्यानंतर त्याने स्कूटरच्या किल्लीबाबत विचारणा केली, ही वस्तुस्थिती आहे. तथापि सदर किल्ली त्या वेळी त्याच्याच उजव्या मुठीत होती व तिचे दात तळहातावर उमटले होते, ही बाब यापूर्वी आपल्या निदर्शनास आणून देण्यात आलेली नाही.*

*३. ताईंकडील आपल्या प्रस्तावित मुक्कामास हरकत नाही. मात्र बॅगेत शाल आढळून आल्याने अधोस्वाक्षरीकारास भीती वाटत आहे.*

*४. तरी सदर शालीबाबत फेरविचार व्हावा, ही विनंती.*

*आपला विश्वासू,*

खाली सही. साहेबांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग चष्मा काढला, कारण काच धुरकट झाली होती, आणि तोंड धुवायला उठले.

पथदिवे विभागात एक अलिखित नियम होता: सही झालेला कागद टेबलावर राहत नाही. निवृत्तीला दोन महिने उरलेल्या शिपायाने तो आयुष्यभर पाळला होता आणि आताच मोडायचं त्याला काही कारण नव्हतं. साहेब तोंड धुऊन आले तेव्हा टेबलावर कोऱ्या अनुपालन अहवालाच्या तीन प्रती होत्या आणि पेपरवेट होतं.

जावकबाईंनी सांगितलं, पत्र गेलं. जावक क्रमांक पाचशे बारा. साडेअकराच्या टपालात. साहेबांनी कसंबसं विचारलं, कुठे. त्यावर जावकबाईंनी पत्रशीर्षाचा एक कोरा कागद पुढे केला. पत्ता ‘वरीलप्रमाणे’ म्हटला होता. वर छापलं होतं, मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

“आतलं मी वाचत नाही, साहेब. फक्त पत्ता बघते,” जावकबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे लाल होते.

साहेब खोलीत धावले. स्कूटरची किल्ली मिळेना. ड्रॉवर उपसला, खिसे उलटे केले, फाइलींखाली पाहिलं. शेवटी तसेच निघाले आणि समोर आली ती बस धरली. पूर्ण रस्ता उभ्याने, एका हाताने दांडी धरून, ते मनाशी म्हणत होते की मुख्य कार्यालयात आलेला कागद पहिल्या टेबलावर निदान तीन दिवस पडून राहतो. यंत्रणेच्या दिरंगाईवर एवढा गाढ विश्वास त्यांनी आयुष्यात कधी ठेवला नव्हता.

आणि नेमक्या त्याच दिवशी यंत्रणा चालली. आवक टेबलावर शिक्का बसून गेला होता. तपासणी टेबलावरच्या गृहस्थांनी साहेबांना पाहिलं आणि उभे राहून खुर्ची दिली. ते म्हणाले, कागद पुढे गेलाय, हुद्दा लिहायचा राहिला होता तेवढा शेरा मारलाय, वाईट वाटून घेऊ नका. पुरवठा टेबलावरच्या बाईंनी पाण्याचा ग्लास तेवढा पुढे केला. विधी टेबलावरचे सल्लागार मात्र कायद्याला धरून होते. त्यांनी दाखवून दिलं की परिच्छेद तीनमध्ये एकीकडे हरकत नाही म्हटलंय आणि लगेच भीती वाटते म्हटलंय, ही विधानं एकमेकांशी विसंगत आहेत. साहेबांनी मान हलवली. गेले चार महिने त्यांचीही हीच अडचण होती.

लाज कशाला म्हणतात हे साहेबांना त्या जिन्यावर कळलं. जिथे फुगा फुटला तेच हे कार्यालय. पण तो फुगा निदान रिकामा होता.

पत्र सगळ्यात वर, मोठ्या साहेबांकडे पोचलं होतं. मोठे साहेब म्हणजे ज्यांच्या केबिनबाहेर लोक बूट न वाजवता चालत. त्यांनी आत घेतलं, बसायला सांगितलं आणि चष्मा काढून ठेवला.

“ते पत्र तुम्ही लिहिलंत?”

“हं,” बोलावेसाहेब म्हणाले. मग सावरून म्हणाले, “हो, सर. चुकून आलं. परत मिळालं तर...”

“मसुदा चांगला आहे. दुसऱ्या परिच्छेदात एक स्वल्पविराम राहिला होता, तो मी घातला.” त्यांनी टेबलावरची टाचणी उचलून पुन्हा ठेवली. “आमच्या मंडळींना जाऊन सहा वर्षं झाली. मसुदा माझाही तयार होता. मी आपला योग्य वेळेची वाट बघत बसलो.”

शेवटी टाचणी त्यांनी डबीत टाकली. मग मोठ्या साहेबांनी घसा साफ केला आणि ते पुन्हा मोठे साहेब झाले. पत्र परत देता येणार नाही, ते म्हणाले. आवक क्रमांक पडलाय. ज्यांच्या नावे आहे त्यांनाच मिळेल. तुमच्या सेवापुस्तकातून घरचा पत्ता काढला, पोचवही देऊन आमचा माणूस पाऊण तासापूर्वी मोटारसायकलवरून गेलाय.

एवढं बोलून त्यांनी घड्याळ पाहिलं. “तुम्ही अजून इथे काय करताय?”

परतीच्या बसने त्या दिवशी एकही सिग्नल सोडला नाही. घराच्या फाटकात कंपाउंडर उभेच होते. त्यांनी साहेबांचा दंड धरून बाजूला घेतलं आणि कळवलं की ऑफिसचा माणूस येऊन गेला, वहिनींची सही घेऊन गेला, वहिनींनी दार लावून घेतलंय, तेव्हा प्रकरण काहीही असो, काही कबूल करायचं नाही. दिवसातून तीनदा, ‘मला आठवत नाही’. साहेबांनी तो डोस आयुष्यात पहिल्यांदाच नाकारला.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत मोठी बॅग कुलूप लावून उभी होती. जेवणाच्या टेबलाशी बायको बसली होती, चष्मा लावून, पाठ ताठ. पुढे पत्र. त्यावर मिठाची बरणी ठेवलेली, उडू नये म्हणून. तिने बरणी उचलली आणि कागद त्यांच्याकडे सरकवला.

साहेबांचे डोळे सवयीने आधी समासाकडे गेले. वरपासून खालपर्यंत समास भरला होता. *स्वाक्षरीखाली हुद्दा नमूद नाही.* त्याखाली, *सदर शाल या कार्यालयामार्फत पुरविण्यात आलेली नाही.* त्याखाली, *परि. ३ : विधाने परस्परविसंगत. खुलासा घ्यावा.* त्याखाली जाड अक्षरात, *तातडीचे. आजच समक्ष द्यावे.* आणि सगळ्यांत खाली, किराण्याची यादी करायच्या पेन्सिलीने, गोल अक्षरात एकच शब्द.

*बोलावे.*

साहेब उभे राहिले. म्हणजे उभे होतेच, पण आता त्या शेऱ्यावर आलेली माणसं उभी राहतात तसे उभे राहिले, हात पुढे घेऊन. तिने बसा म्हटलं नाही. तिने क्षणभर डोळे मिटले आणि उघडले. हे ती कुठे शिकली कोण जाणे.

“मी घाबरलो होतो,” साहेब म्हणाले.

“कधी?”

“तेव्हा. आणि आत्तापण.”

“मग बोलला का नाहीत?”

“मला वाटलं, तुला कळलं असेल.”

“कळलंच होतं,” ती म्हणाली. “मला ऐकायचं होतं.”

यावर काय बोलायचं ते कुठल्याच गृहपाठात नव्हतं. बायको उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि त्यांच्या उजव्या हाताकडे बघून म्हणाली, “मूठ उघडा.”

साहेबांनी पाहिलं तर खरंच मूठ मिटलेली होती. त्यांनी ती उघडली. आत स्कूटरची किल्ली होती. ड्रॉवर उपसताना, खिसे उलटे करताना, जाता-येता बसमध्ये, मोठ्या साहेबांसमोर, ती तिथेच होती. तळहातावर तिचे दात लाल होऊन उमटले होते. तिने किल्ली उचलून टेबलावर ठेवली आणि त्या खुणांवरून अंगठा फिरवला, चादरीवरची सुरकुती काढावी तसा.

“शाल नको नेऊस,” साहेब म्हणाले.

तिने त्यांचा तळहात सोडला. मग म्हणाली, “हं.”

साहेब थांबले. हा होकार की नकार? बावीस वर्षं ज्यांना ज्यांना त्यांनी हा ‘हं’ देऊन व्हरांड्यात पाठवलं होतं, त्या सगळ्यांचे चेहरे त्यांच्या डोळ्यांपुढून एका रांगेत गेले. आणि या घराला व्हरांडाही नव्हता.

बायको वळली, बॅगेचं कुलूप काढलं, वरची शाल उचलून कपाटात ठेवली आणि साड्या मोजू लागली. चार बाजूला काढल्या, बाकीच्या परत कपाटात. तिने सांगितलं की ताईने तिकीट काढून ठेवलंय, तिला वाईट वाटेल, तेव्हा आठ दिवस जाऊन येते. मग तिने रिकामी झालेली मोठी बॅग पायाने त्यांच्याकडे सरकवली.

“अहो, शेजारून स्टूल आणा आणि ही माळ्यावर टाकून मधली काढून द्या. आणि काम झालं की स्टूल लगेच नेऊन द्या, ‘बघू’ नको.”